शेवग्याच्या डब्यातली माती

अंबरनाथ,
११ ऑगस्ट १९५४

अहो,

नमस्कार. जबलपूरहून तुमचं पत्र पोचलं. ट्रेनिंग नीट चाललंय, तिकडचं जेवण मानवतंय, वाचून बरं वाटलं. इकडे माईंचा गुडघा ठीक आहे. माझी शाळा चालू आहे.

माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. शेवग्याचा डबा वाया गेला. घासलेटच्या डब्यात माती वाळवून, तोलून भरली होती, त्यात शेवग्याचं रोप लावलं होतं, वर्षभर पाण्याशिवाय काही घातलं नव्हतं. आता सातवीच्या मुलींसमोर ती पुन्हा तोलणार होते. तीनशे वर्षांपूर्वी एका माणसानं असंच झाड वाढवलं. झाड चांगलं थोराड झालं, माती जवळपास होती तेवढीच राहिली. त्याला वाटलं, सगळं पाण्यातूनच आलं. हवेचं आणि उजेडाचं काम पुढच्यांनी शोधून काढलं. पण झाडाचं अंग मातीतून येत नाही, एवढं त्याच्या तराजूनं दाखवलं. मला मुलींना तेच दाखवायचं होतं.

माईंनी डब्यातल्या मातीत शेणखत कालवलं. वर बदलापूरकडच्या भगताचा अंगारा. आणि काल शेजारी राजाबाईंकडे मंगळागौरीला जमलेल्या बायकांसमोर मला म्हणाल्या, "नुसत्या पाण्यावर उपाशी मारत होतीस गं त्याला. ज्या मातीत काही धरत नाही, तिला खत घालावंच लागतं." बायका माझ्याकडे बघत राहिल्या. घरी आल्यावर उरलेला अंगारा माईंनी मला पाण्यातून घ्यायला दिला.

मी घेतला. का घेतला, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दादरच्या डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. दोष माझ्यात नाही, तुमच्यात आहे. बाहेर पडल्यावर तुम्ही म्हणालात, "माईंना एवढ्यात नको सांगूस." मी मान डोलावली. त्याला आता तीन वर्षं होतील. तीन वर्षं मी वांझ म्हणून ऐकून घेते आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसता. लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?

आता माईंनी माझी कूस उजवावी म्हणून सोळा सोमवार धरलेत. या वयात, दिवसभर पाण्याचा घोटही न घेता. परवा चुलीपुढे चक्कर येऊन बसल्या. माझं मी गिळलं, पण त्यांचे हाल मी बघणार नाही.

त्यांना पत्र लिहा. सगळं लिहा. तुमची पत्रं त्यांना मीच वाचून दाखवते, तेही मीच वाचेन, एक शब्द न गाळता. गोकुळाष्टमीपर्यंत आलं नाही, तर या पत्राची नक्कल मी काढून ठेवली आहे. ती वाचून दाखवीन.

माईंची सून,
सुनेत्रा