चार मिनिटांत चौदा तक्रारी

४ ऑगस्ट, सोमवार
सलग तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीचा प्रमुख मीच. तक्रारपेटी तीन वर्षं रिकामी. दरारा, दुसरं काय! प्राचार्य मात्र म्हणाले, पेटी कोणाला माहीत तरी आहे का? महिन्याभरात काम दाखवा, नाहीतर समिती भैरवी मॅडमकडे देतो. भैरवी मॅडम! कालपरवा नोकरीला लागल्या.

५ ऑगस्ट
पेटीचं कुलूप गंजलेलं. तेल घातलं. आत पालीची दोन अंडी. तक्रार एकही नाही. सिद्ध झालं.

७ ऑगस्ट
आयडिया! आगीची मॉक ड्रिल असते, तशी रॅगिंगची. मीच सीनियर बनून एका नव्या मुलाला छळायचं आणि तक्रार किती वेळात येते ते बघायचं. फर्स्ट इयरला मी शिकवत नाही, म्हणजे ओळखणार कोण? प्राचार्यांनाही सांगायचं नाही. सांगितलं तर ड्रिल कसली! कृष्णकांत, तुझी बुद्धी या कॉलेजात वाया चालली आहे.

१० ऑगस्ट, रविवार
केस काळे केले. भाच्याचा टी-शर्ट घातला, पोटावर जरा तटतटतो. बायको म्हणाली, काय करून राहिले जी तुम्ही, लोक हसतीन. दुर्लक्ष केलं. आरशात बावीसचा दिसतो. फार तर चोवीस.

१२ ऑगस्ट, दुपारी १
कॅन्टीनमागे फर्स्ट इयरच्या प्रशिकला गाठलं. पारशिवनीचा, अंगाने काडी. घरच्या आठवणीने बॅग भरून बसलाय म्हणतात. दरडावून नाव विचारलं, तर नमस्कार करून म्हणाला, काका, कोणाचे पप्पा होय जी तुम्ही? भीतीने गोंधळला असावा. मी सीनियर, म्हटलं. एका पायावर उभं केलं, मोठ्याने इंट्रो द्यायला लावली. तीनदा. पोराचे डोळे भरले. मलाही कसंतरीच झालं, पण ड्रिल म्हणजे ड्रिल.

१.०४
थर्ड इयरची पिंकी, रॅगिंगबाबत माझा सगळ्यात जास्त संशय जिच्यावर, ती गँग घेऊन आली. लहान पोराले काहून तरास देऊन राहिला गा, असं माझ्या पाठीला विचारलं. मी वळलो. सगळे एकदम म्हणाले, सर?! फोटो निघाले. मग प्रशिकला घेऊन तर्री-पोहे खायला गेले. मला कोणी विचारलं नाही.

१३ ऑगस्ट
पेटीत चौदा तक्रारी! चार मिनिटांत मदत! यंत्रणा शंभर टक्के यशस्वी, असा अहवाल दिला. प्राचार्यांनी त्याखाली माझी सही घेतली. आरोपी म्हणून.

१८ ऑगस्ट
प्रशिकची माफी मागितली. मनापासून. तो म्हणाला, जाऊ द्या सर, बाबाले फोन केला, इथले सीनियर लय चांगले आहेत म्हटलं. बॅग रिकामी केली मी. म्हणजे पोरगा टिकला तो माझ्यामुळेच. नोंद असावी.

२० ऑगस्ट
समिती भैरवी मॅडमकडे गेली. शिवाय मला शिक्षा: नवी पोरं देतात तेच हमीपत्र, 'मी रॅगिंग करणार नाही', पालकाच्या सहीसकट. माझे आईवडील राहिले नाहीत, म्हणून पालक म्हणजे बायको, वंदना. तिने सहीआधी मला ओट्यापाशी उभं करून सगळं मोठ्याने वाचायला लावलं. तीनदा. मध्ये कुकरची शिट्टी झाली, म्हणून चौथ्यांदा.

हे सरळसरळ रॅगिंग आहे. तक्रार लिहूनही ठेवली. पण पेटी आता भैरवी मॅडम उघडतात.