दोराचा बारावा हिस्सा

प्रिय ठोंब्या,

तुझा फोन लागत नाही. डोंगरावर रेंज नसते हे तू मला शंभरदा सांगितलंयस, तरी कालपासून वेड्यासारखी लावतेय. शेवटी कागद ओढला. आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो आणि ती माझ्यावर कुरकुरते, एवढंच. तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेत म्हणून तिने दुपट्यांचा ढीग शिवून ठेवलाय. एका बाळासाठी की अख्ख्या पलटणीसाठी, असं विचारलं तर माझ्याशी अबोला धरला.

माझं ऑफिसातलं काम नेमकं काय, असं तू विचारायचास आणि मी "आकडे वाटते" म्हणून उडवून लावायचे. आज नीट सांगते. आपल्या कंपनीचे रोपवे सात ठिकाणी, त्यातल्या एकावर तू. वर्षाच्या सुरुवातीला मोठे साहेब खर्चाचा एकच आकडा देतात. तो मी प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात वर टाकते, बटण दाबते, आणि तो खाली झिरपत जातो. कुठल्या रोपवेला किती, त्यातलं पगाराला किती, दुरुस्तीला किती, आणि तेही कुठल्या महिन्यात किती. दुरुस्तीचा नियम असा की मागच्या वर्षी जितके प्रवासी, तितका वाटा, आणि त्याचे महिन्यांत बारा सारखे हिस्से. आई आपल्याला वाढायची तेव्हा आपली भूक बघायची. हे यंत्र काल कोणी किती खाल्लं ते बघतं. तुझ्या डोंगरावर माणसं कमी येतात, म्हणून तुझ्या रोपवेला चिमूटभर.

आमच्याकडे तपासणीचे इंजिनिअर होते, सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणतात. मध्यंतरी ते तुझ्याकडून परतले ते थेट माझ्या टेबलाशी आले. "बाई, तिसऱ्या खांबापाशी दोराच्या तारा तुटायला लागल्यात. आतून गंज चढलाय. सुट्ट्यांच्या गर्दीआधी नवा दोर हवा." मी स्क्रीनवर तुझा रोपवे उघडून दाखवला. महिन्याच्या वाट्यात दोर बसायचं नावच नव्हतं. काका चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "मग दर महिन्याला दोराचा बारावा हिस्सा आणायचा का? कुठल्या दुकानात मिळतो?" आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर आम्ही हसल्याचं मला आठवत नाही.

मी दोराची पूर्ण किंमत हाताने तुझ्या दुरुस्तीच्या रकान्यात भरली. सकाळी बघते तर आकडा पुन्हा जुनाच, कारण सॉफ्टवेअर आपणहून वाटप नव्याने करतं. पुन्हा भरली, पुन्हा पुसली गेली. मग साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही रे, आईच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता रजा दिली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, एका जागी वाढवलं की बाकीच्या सहा जागा बोंबलतील. इतकी वर्षं टिकलाय ना दोर? पुढच्या वर्षी बघू." दुसऱ्या दिवशी तो रकाना करडा झालेला. करडा म्हणजे कुलूप. काकांनी वर लेखी कळवलं, तर त्यांची बदली गोदामात. त्यांच्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवलाय.

पुढे गर्दीचे अंदाज बांधायची वेळ आली. शेजारच्या डोंगरावरचा मोठा रोपवे बांधकामासाठी बंद ठेवायचा आणि तिथले प्रवासी तुझ्याकडे वळवायचे, असं ठरलं. मी तेवढा बदल टाकला आणि तुझ्याकडच्या प्रवाशांचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत दुप्पट झाला. दुरुस्तीचा मात्र जागचा हलला नाही, तो मागच्या वर्षीच्या गर्दीवर बसलेला. बैठकीत तो दुप्पट आकडा भिंतीवर हिरव्या रंगात झळकला तेव्हा टाळ्या पडल्या. मी उठून दोराचं बोलले. मग साहेब म्हणाले, "पुढची स्लाइड."

आज दुपारी मी सरकारी सुरक्षा कार्यालयात तक्रार देऊन आले, स्वतःच्या नावानिशी. त्यांची माणसं या आठवड्यात येतील आणि रोपवे बंद करतील. नेमक्या कमाईच्या दिवसांत. तुझे सोबती तुला तोंडावर बोलतील, बाळ यायच्या वेळी तुझाही पगार थांबेल. माझी नोकरी तर गेल्यातच जमा आहे. त्यासाठी माझ्यावर हवा तेवढा राग धर, मी ऐकून घेईन.

पण हे सगळं सांगायला मी आठवडाभर थांबले असते. थांबवत नाही ते आईने काल सांगितलेल्या बातमीमुळे. तुला बढती मिळाली म्हणून ती शेजारपाजारी सांगत सुटलीय. "रोज सकाळी पहिली ट्रॉली माझा लेक घेऊन जातो. तो पलीकडे सुखरूप पोचला की मगच लोकांना सोडतात." तिचा ऊर भरून आला होता आणि मी तिच्यासमोरच फोन उचलला. तेव्हापासून फोन लावतेय. म्हणून हे पत्र घेऊन चष्मेवाले काका मिळेल त्या गाडीने तुझ्याकडे निघताहेत. त्यांचं ऐक. साहेबाचा निरोप आला, कोणी भित्रा म्हणालं, तरी तुझ्याकडची रोपवेच्या मोटरची किल्ली कोणाला देऊ नकोस. तू हे वाचतोयस म्हणजे तू अजून खाली आहेस. खालीच राहा रे.

तुझीच,
ताई