आठ नंबरची खुर्ची आणि चौऱ्याऐंशी सालची एक नोंद

मी, थॅडियस ओलेक्सा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार फर्नेस स्ट्रीट, ऑल्डर फॉल्स, ओहायो, काचकारखान्यातला निवृत्त साचेकार आणि आपल्या गावच्या 'बगळे' या बेसबॉल संघाचा सव्वीस वर्षं अधिकृत गुणलेखक, पूर्ण शुद्धीवर असून आणि कुणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल शंका घ्यायला एकच जागा आहे. मी यंदाही अख्ख्या हंगामाचं तिकीट काढणार आहे.

मालमत्तेकडे वळण्याआधी सगळ्यांच्या तब्येती विचारतो. वकीलबाई ग्रेटा लुंड म्हणाल्या, असं मृत्युपत्रात कुणी करत नाही. मी म्हटलं, बाई, हे अमलात येईल तेव्हा मला विचारता यायचं नाही, म्हणून आत्ताच विचारून घेतो आणि प्रत्येकाला एकेक नक्कल टपालाने पाठवतो. त्यांनी चष्मा पुसला.

रोझान, पोरी, तुझा गुडघा कसा आहे? टपाल कार्यालयातल्या त्या फरशीवर दिवसभर उभी राहू नकोस. होबार्ट, तुझी साखर काय म्हणते? मैदानावरचे गोड शेंगदाणे तू रुमालाखाली लपवून खातोस, ते मला शेजारच्या खुर्चीतून दिसतं. व्हर्जिल, तुझी पाठ? लिऑन, तुझी खबर रोझानकडून कळते. दाढ काढलीस म्हणे. त्या बाजूने चावू नकोस काही दिवस.

माझं म्हणाल तर हृदयाची एक झडप झिजली आहे. पंधरा मार्चला कोलंबसला ती बदलणार आहेत. डॉक्टर तरुण आहे, हात स्थिर आहेत. त्याची मला फारशी काळजी नाही. माझी झोप उडवली आहे ती बगळ्यांच्या तब्येतीने.

गेल्या वर्षी शहाण्णव सामन्यांत अडतीस जिंकले. त्यावर मालकाने, ज्याची अक्कल गाड्या धुण्याच्या धंद्यात तयार झाली, जानेवारीत आपला एकमेव धड डावखुरा पिचर शेजारच्या मार्लो क्रीक गावाच्या संघाला विकला आणि त्या पैशातून मोठा थोरला धावफलक आणला. म्हणजे हरताना आता लांबून दिसेल. पहिल्या नंबरचा पिचर सदतीस वर्षांचा आहे आणि पेटीत पत्र टाकावं तसा चेंडू टाकतो. तिसऱ्या बेसवर कोण उभं राहणार हे अजून ठरलेलं नाही. आणि शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली ती जागा जिथे निम्मे चेंडू धावत येतात, तिथे तोच केस्लर डन. गेल्या हंगामात त्याच्या नावावर एकतीस चुका लागल्या. माझ्या वहीप्रमाणे त्यातल्या नऊ त्याच्या नव्हत्याच. पण हल्लीचा गुणलेखक मैदानाकडे बघतच नाही, यंत्राकडे बघतो.

माझा यंदाचा अंदाज : एकेचाळीस विजय. होबार्ट म्हणतो पन्नास. तो गेली बावीस वर्षं पन्नास म्हणतो आहे.

मध्येच उठलो होतो. दक्षिणेतला सराव सामना रेडिओवर लागला होता. सातव्या डावात चार धावांनी मागे. रेडिओ बंद केला, पायऱ्यांवरचा बर्फ ओढला, जे मला करायला मनाई आहे, आणि परत येऊन रेडिओ लावला. सहा धावांनी मागे. आता लिहितो.

कलम पहिले. फर्नेस स्ट्रीटवरचं घर सामानासकट माझी मुलगी रोझान हिला. घर तापवायच्या भट्टीचं दार अडलं तर डाव्या बाजूला खाली लाथ घालायची, हाताने ओढायचं नाही. मागच्या दारामागचा खिळा काढायचा नाही. त्या खिळ्याला रेडिओ टांगला तरच मार्लो क्रीकच्या टेकडीपलीकडचा आवाज येतो. मार्सेला, तुझी आई, म्हणायची की या घराचा खरा खांब तो खिळाच आहे. ते आईने चांगल्या अर्थाने म्हटलं नव्हतं.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक, दवाखाना आणि दफन भागवून जी उरेल ती, रोझान आणि लिऑन यांना निम्मी निम्मी. यावर भांडू नका. भांडण्याएवढी उरणार नाही.

कलम तिसरे. कानशी, कंपास, पितळी मापं आणि साच्यांवर हात फिरवायचे ते लाकडी ठोकळे होबार्ट पिकेट याला. चौतीस वर्षं तो माझ्या शेजारच्या बाकावर काम करत होता आणि माझीच कानस उसनी घेत होता. आता विचारायची गरज नाही.

कलम चौथे. माझा मेहुणा व्हर्जिल याला मी काहीही देत नाही. तो याच गावात जन्मून मार्लो क्रीकच्या बाजूने ओरडतो, हे एक. दुसरं, माझी चोवीस फुटी शिडी पाच वर्षांपूर्वी एका दुपारपुरती नेली, तिच्यावरून पडून पाठ दुखवून घेतली, आणि वर मलाच ऐकवलं की शिडी वाकडी आहे. ती शिडी रोझानने परत आणावी.

वकीलबाईंनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी माझी माणसं मोजून पाहिली. ज्याला काहीच मिळत नाही असा घरचा माणूस व्हर्जिलच निघाला. म्हणून तो आज साक्षीदार म्हणून माझ्या समोर बसला आहे आणि माझी कॉफी पितो आहे.

कलम पाचवे. दफन आपल्या मैदानावर सामना असेल त्या दिवशी करू नये. होबार्ट येणार नाही, आणि तो आला तर त्याचं लक्ष लागणार नाही.

कलम सहावे. हेच खरं मृत्युपत्र आहे, वरचं सगळं हात गरम करायला होतं.

मैदानाच्या बाराव्या विभागातल्या एफ ओळीत सात आणि आठ नंबरच्या खुर्च्या आमच्या. सातवर होबार्ट बसतो. आठवर मी, गुणलेखकाचं काम सोडल्यापासून. ही आठ नंबरची खुर्ची आणि माझ्या सव्वीस हंगामांच्या सव्वीस वह्या मी माझा मुलगा लिऑन याला देतो.

वकीलबाईंना बेसबॉल कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की तो स्वतःच्या फटक्याने पोचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, हे गुणलेखक ठरवतो. तो वहीत लिहितो, फलकावर दिवा लागतो, आणि ते त्या खेळाडूच्या नावावर जन्मभर राहतं. निर्णय बदलायचा असेल तर त्याला चोवीस तास मिळतात.

१९ ऑगस्ट १९८४, रविवार, दुपारचा सामना. हंगामाचा शेवटचा. लिऑन तेवीस वर्षांचा, बगळ्यांचा शॉर्टस्टॉप. वरच्या दर्जाच्या एका संघाचा माणूस त्याला बघायला आला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नववा म्हणजे शेवटचा डाव, दोन गडी बाद, तिसरा झाला की सामना आमचा, आम्ही एका धावेने पुढे, समोरचे दोन खेळाडू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. चेंडू जमिनीसरसा लिऑनकडे आला. साधा चेंडू होता. तो गवत संपतं आणि माती सुरू होते त्या काठावर आपटला, उसळला आणि लिऑनच्या खांद्याला लागून मागे गेला. दोन धावा. सामना गेला.

मी वर गुणलेखकाच्या खोलीत होतो. चेंडू उसळलेला मी पाहिला, इतका स्वच्छ की आजही पाहतो. शेजारी बसलेला वर्तमानपत्रवाला म्हणाला, "थॅड, पोरगा तुझा आहे. जपून लिही."

मी जपून लिहिलं. शॉर्टस्टॉपची चूक, असं लिहिलं. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर पेन्सिल क्षणभरही न थांबवता फटका लिहिला असता. बाप पोराची बाजू घेतो असं कुणी म्हणू नये म्हणून मी पोराची बाजू सोडली. फलकावर दिवा लागला आणि सगळं मैदान त्याच्यावर ओरडलं. त्याने फलकाकडे पाहिलं नाही. वर माझ्या खिडकीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी मार्सेलाने कोबीच्या पानात भरलेलं मांस केलं होतं. लिऑनने ताट संपवलं. मग म्हणाला, "बाबा, चेंडू उसळला. तुम्ही पाहिलंत."

मी म्हटलं, "फलकावर लागलं ते लागलं."

तो उठला, ताट धुतलं आणि वर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेपाचपर्यंत माझ्याकडे वेळ होता. कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मार्सेलाने टेलिफोन उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी टेलिफोनच्या कडेकडेने जेवलो आणि कामावर गेलो.

दोन आठवड्यांनी लिऑन नेब्रास्काला गेला. तो लग्नांना येतो, दफनांना येतो, नाताळला फोन करतो. आमची भांडणं नाहीत. आम्ही हवापाण्याबद्दल बोलतो. मार्सेलाच्या दफनाहून परत येताना गाडीत अर्धा तास आम्ही टायरांबद्दल बोललो. तेहतीस वर्षांत बेसबॉलचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, आणि माझ्याकडे बोलायला दुसरं काही नव्हतंच. एका चेंडूने त्या बघायला आलेल्या माणसाचं मत बदललं नसतं, असं मी स्वतःला सांगत आलो. असेलही. पण लिऑनने माझ्याकडे पाहिलं होतं, त्या माणसाकडे नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी लीगच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. मुदत संपली आहे, असं होतं.

म्हणून इथे, साक्षीदारांसमोर, पूर्ण शुद्धीवर असताना मी जाहीर करतो : १९ ऑगस्ट १९८४, नववा डाव, तो फटका होता. शॉर्टस्टॉपची चूक नव्हती. चूक गुणलेखकाची होती. वहीत मी खोडरबर वापरलेलं नाही. जुन्या नोंदीवर एक आडवी रेघ मारली आहे, शेजारी दुरुस्ती लिहून आजची तारीख आणि सही घातली आहे, नियमात सांगितल्याप्रमाणे. लिऑन, ते पान उघडून बघ. बाकी वह्या नाही बघितल्यास तरी चालेल.

इथवर लिहून मी कागद व्हर्जिलकडे सरकवला. त्याने कलम चौथे वाचलं आणि म्हणाला, "दाजी, शिडी वाकडीच आहे." मग पुढे वाचत गेला. शेवटी कप खाली ठेवून म्हणाला, "मी त्या दिवशी तिसऱ्या बेसच्या मागे होतो. काठावर आपटला आणि उसळला. पोरगा काय करणार होता?"

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही गुणलेखक."

हेही इथे नोंदवून ठेवतो, कारण तो शपथेवर सांगायला तयार आहे. कलम चौथ्यातल्या शिडीची रोझानने घाई करू नये. ती देऊन टाकता येत नाही, नाहीतर त्याची साक्ष जाईल.

कलम सातवे आणि शेवटचे, आणि हे मी जिवंत असतानाच लागू होतं. हंगामाचा अर्ज वीस मार्चच्या आत तिकीट खिडकीवर जायला हवा. मी तेव्हा कोलंबसला असेन, बोलण्याच्या स्थितीत असेन की नाही देव जाणे. अर्जावर आठ नंबरच्या खुर्चीपुढे मी लिऑन ओलेक्सा असं लिहून ठेवलं आहे. तिकीट खिडकीवरच्या बर्निस टॉलिव्हर बाई दुसऱ्या साक्षीदार म्हणून आत्ताच आल्या. त्यांनी विचारलं, तो येणार आहे का? मी म्हटलं, ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, मग त्याचं उत्तर येईल म्हणून वीस तारखेपर्यंत मी अर्ज खिडकीत ठेवते, पुढे नाही. ओळीत नऊ नंबरचीही खुर्ची रिकामी आहे. वाचलो तर मी तिथे बसेन, नाही वाचलो तर तिच्यावर कोट ठेवायला जागा होईल. दोन्ही वेळा संघ हरणारच आहे. तरी तू शॉर्टस्टॉपकडे बघ आणि होबार्टला सांग, त्या केस्लरच्या चुका खऱ्या किती. मी सांगितलं तर त्याला पटत नाही.

सही : थॅडियस ओलेक्सा

साक्षीदार : व्हर्जिल स्कारबेक, मेहुणा, ज्याला काही मिळत नाही.
बर्निस टॉलिव्हर, तिकीट खिडकी, ज्यांना फक्त अर्ज वेळेवर हवा आहे.

दोघांनी माझी सही होताना पाहिली, मी त्यांची होताना पाहिली.

स्थळ : स्वयंपाकघरातलं टेबल, फर्नेस स्ट्रीट, ऑल्डर फॉल्स, ओहायो
दिनांक : ६ मार्च २०१८

ता. क. लिऑन, पहिला सामना बारा एप्रिलला, दुपारी एक वाजता. पंधरा मार्चच्या आधी मला एक पत्र टाक, लवकर टाक. हवापाण्याबद्दलच लिहायचं असेल तर तेच लिही. फक्त बारा एप्रिलच्या हवापाण्याबद्दल लिही.