काचेच्या वाडग्याखालची अळंबी

ब्रोन्या,

टेबलावरचा काचेचा वाडगा उचलू नकोस. तू ओकच्या झाडाखालून आणलेल्या एका अळंबीचा देठ कापून तिची टोपी मी त्याखाली अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवली आहे. तिचे बीजाणू धुळीहून बारीक. ते खाली झरत राहतात आणि संध्याकाळपर्यंत ती स्वतःचंच चित्र काढते. मला याचं अजून नवल वाटतं.

चित्र तपकिरी आलं, तर कदाचित खायची असेल. पांढरं आलं, तर बहुतेक जीवघेणीच.

"चांदीचा चमचा काळा पडला नाही ना? मग तुझं पुस्तकच उकडून खा!" असं तू सकाळी म्हणालीस. विषारी अळंबीत चांदी काळी पडते, असा आईचाही भरवसा होता आणि पोलंडमध्ये आपण वाचलो, हे खरं; पण इथल्या अळंब्या वेगळ्या. माझंच चुकत असेल. म्हणून दुसरी अळंबी वनस्पती उद्यानातल्या जाणकार बाईंना दाखवायला चाललो आहे.

ईस्टरच्या जेवणाला तुझा मुलगा टॉमेक पोरांना घेऊन येतोय. चित्र कोणत्याही रंगाचं येवो, मी परतेपर्यंत अळंब्या शिजवू नकोस.

तुझ्यावर माझा विश्वास आहे. तरी कढई शोधत बसू नकोस, ती मी बरोबर नेली आहे.

तुझा भाऊ,
सेवेरिन