डोक्यावरून कानापर्यंत

दारव्हा, १२ जून २०२५

चि. सौ. निशिगंधा हिस अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. खुशीला आणखी एक वर्ष बालवाडीतच ठेवणार म्हणे! साडेपाच वर्षांची पोर तिथं गाणी म्हणत म्हातारी व्हायची काय? उन्हाळ्यात मी स्वतः तिची परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून नेला की डावा कान बरोबर हाती येतो. आमच्या वेळी मास्तर एवढंच पाहत आणि पहिलीत नाव घालत. माझं असंच घातलं, माझं कुठं अडलं? तिचं वर्ष वाया घालवलंस, तर मी पुसदला पाय ठेवणार नाही.

जावईबापूंना नमस्कार, खुशीला गोड पापा.

तुझा बाबा,
मारोतराव

पुसद, ५ जुलै

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या धाकानं खुशीला आठवडाभर पहिलीत बसवून पाहिलं. बाकीची पोरं तिच्याहून वर्षभरानं मोठी. ती बेरजा करतात, ही खिचडी खाऊन बाईंच्या मांडीवर झोपते. बालवाडीत सगळ्यांना गोष्टी सांगणारी पोर इथं तोंड उघडत नाही. काहीही विचारलं की डोक्यावरून हात नेऊन कान धरते. म्हणते, आजोबा म्हणाले, एवढं आलं की पास! तिचं पाहून अख्खा वर्ग कान धरून बसला आणि नेमके तेव्हाच साहेब तपासणीला आले. पोरांना शिक्षा काहून केली, म्हणून बाईंनाच बोलणी बसली.

काल मला विचारत होती, मी ढ आहे का म्हणून. बाबा, माझा जीव तुटला हो. बाई म्हणतात, पोर हुशार आहे, फक्त लहान आहे, वर्षभर थांबा. तुम्ही हो म्हणा. तुम्ही रुसलात तर मला अन्न गोड लागत नाही.

रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
निशू

दारव्हा, ११ जुलै

चि. निशूस अ. आ.

तुझं पत्र वाचून तुझे बाबा धड जेवले नाहीत, म्हणून मीच लिहिते. त्यांचं कुठं अडलं ते ऐक. वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून पहिलीत दोनदा बसले. दुसऱ्या खेपेला मी शेजारी होते. उजळणी मीच शिकवली त्यांना. हे काढलं तर म्हणतात, नापास नसतो झालो तं तू कुठं भेटली असती मले?

खुशीला बालवाडीत पाठव, हे त्यांनीच सांगितलं आहे. चूक कबूल म्हणून मी त्यांना कान धरायला लावला, त्यांच्याच पद्धतीनं. पण खांदा आखडलेला. हात डोक्यावरच अडकला, कानापर्यंत पोचेना. म्हणजे त्यांचंही पहिलीचं वय अजून झालेलं नाही.

येत्या रविवारी दोघंही येतो. खुशीला म्हणावं, बालवाडीत आजोबांसाठी शेजारी जागा धरून ठेव.

आमचा जीव तुमच्यापाशीच आहे.

तुझी आई,
इंदू