ताई म्हणजे मी एकटी

प्रिय ओतिलिया,

एकाच गल्लीत राहून पत्र लिहितेय, हसशील. पण समोर आले तर मी भांडेन. उद्या तुमच्या प्रार्थनाघराला कुलूप लागणार की नाही ते ठरायचंय, म्हणून आजच लिहिते.

गुड फ्रायडेला दारापुढचा रंगवलेल्या लाकडी भुशाचा गालिचा यंदा मी एकटीने घातला. जांभळा रंग कालवायचं काम नेहमी तुझं. माझा मेला मातकट झाला. येशूची पालखी तो तुडवत गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. तू नदीत बुडी मारून पास्टरच्या पंथात गेलीस, मूर्तींपुढे हात जोडायचे सोडलेस, त्याचा राग नाही गं. देव तोच, तुमच्याकडे जरा मोठ्याने गाऊन घेतो एवढंच. राग आहे तो तुमच्या पंथातल्या त्या सोराइदाचा.

खोटं कशाला बोलू? जळते मी तिच्यावर. परवा मक्याची गरम पेज घेऊन तुमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरी आले होते. आतून तुझी हाक आली, "ताई, आलीस का गं? कधीची वाट बघतेय!" मी "आले, आले" म्हणत पायरी चढले, तर मागून सोराइदा म्हणाली, "आले गं बाई, गुडघे चालू देतील तेव्हा ना!" तुमच्यात सगळ्याच एकमेकींच्या बहिणी, हे मी विसरलेच होते. चाळीस वर्षं ताई म्हणजे मी एकटी. पेज तशीच परत आणली, मांजरानेही तोंड लावलं नाही.

त्याच संध्याकाळी मिरवणूक समितीचे एव्हारिस्तोकाका तुमच्याविरुद्धचा अर्ज घेऊन आले. आपल्या ग्वाटेमालात कायद्याने कुणाची भक्ती अडवता येत नाही, म्हणून 'भोंग्याचा त्रास होतो' असं लिहिलं होतं. त्यावर पहिली सही माझी आहे, ओतिलिया. आणि ती तक्रार धादांत खोटी आहे. रोज संध्याकाळी खिडकी किलकिली करून मी त्या गोंगाटातून तुझा आवाज शोधत बसते. उद्या सकाळीच नगरपालिकेत जाऊन सही खोडणार आहे. कारकून कारण विचारेल, त्याला म्हणेन, त्रास नाही. खरं कारण त्या मेल्याला कशाला? ते तुला सांगितलं. सोराइदाला खुशाल ताई म्हण. मला म्हणशील तेव्हा मात्र माझ्याकडे बघून म्हण.

तुझीच, सख्खी,
एर्मेलिंदा