कुंदाचे ताट

पिंपरी,
रविवार, १६ जानेवारी १९५५

ती. सौ. इंदुताईस,
शालनचा नमस्कार. आई, मी आणि तुझी कुंदा, आम्ही तिघी खुशाल आहोत. भाऊजी तुला भेटायला मिरजेला यायचे आहेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि तिळाच्या वड्या देते. शाळेत आता माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. पेनिसिलिनच्या कारखान्यावर कामाला आलेल्या नव्या बिऱ्हाडांमुळे पट एकोणसाठवर गेला. बाके पुरत नाहीत, पण मुले हुशार आहेत.

ताई, मागच्या तीन पत्रांत मी लिहिले की कुंदा पोटभर जेवते. ते खरे नव्हते.

तू दसऱ्यानंतर गेलीस आणि तिने जेवण टाकले. वरणभात नको, भाकरी नको, केळेसुद्धा नको. कपभर दूध आणि चार शेंगदाणे, एवढ्यावर दिवस काढायची. मी बालसंगोपनाचे पुस्तक आणले, वेळापत्रक भिंतीला लावले. गाजराची फुले कापली. बाजारातून नवे छोटे ताट घेतले, त्यावर तिचे नाव घालून आणले आणि रोज तिला सांगायची, "हे बघ, हे ताट तुझं एकटीचं." ती ते पायाने सारायची. आई म्हणाली, "तुझ्या बी.ए.ला या पोरीचा धडा नव्हता वाटतं."

ही बातमी तळेगावी तुझ्या सासूबाईंपर्यंत गेली. रुक्मिणीबाईंनी निरोप धाडला की भोगीला येते आणि नातीला घेऊन जाते. शिकलेल्या बाईला पोराचे पोट कळत नाही, असेही त्यात होते. मी हादरले. तुला मी शब्द दिला होता, तू परत येईपर्यंत ती माझ्याजवळ राहील.

भोगीच्या आठ दिवस आधी शाळेतून आले, तर कुंदा शेजारी रहिमाबींच्या ओट्यावर. त्यांच्यात एक मोठे ताट मध्ये ठेवून सगळी भोवती बसतात. रहिमाबी, त्यांच्या दोन मुली आणि आपली कुंदा. बाजरीची भाकरी दुधात कुस्करलेली, आणि आपली बया दोन्ही हातांनी जेवत होती. मी दारातच उभी राहिले. रहिमाबी हळूच म्हणाल्या, "बाई, लेकराला भूक हाय. निस्तं ताट नको झालंय तिला."

घरी आणून मी तिला विचारले, तुझे ताट का नको? तिने ते पुन्हा पायाने सारले. मग म्हणाली, "आईचं एकटीचं ताट होतं. आई गाडीत गेली. मी नाही जाणार."

ताई, तुझ्या ताटावर लाल रंगाचा ठिपका मीच लावला होता. "हे आईचं एकटीचं, हात लावायचा नाही," हे तिला मीच शिकवले होते. क्षयाच्या दुखण्यात तो नियम बरोबर होता, अजूनही बरोबरच आहे. पण पोरीने त्याचा अर्थ असा लावला, की जिला वेगळे ताट मिळते तिला घरातून जावे लागते. आणि मी तिच्या ताटावर नाव कोरून आणले!

त्या संध्याकाळपासून ती माझ्या ताटात जेवते. कुंदा रहिमाबींकडे जेवली हे आईला आधी रुचले नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच त्यांच्याकडे वाटीभर लोणचे पाठवले.

भोगीला रुक्मिणीबाई आल्या, कुंदाचे कपडे बांधायला गाठोड्याचे फडके घेऊनच. मी एकच ताट वाढले. कुंदाने तीळ लावलेली अर्धी भाकरी खाल्ली आणि एक तुकडा आजीच्या हातावर ठेवला. ही युक्ती कुठे शिकलात, असे त्यांनी विचारले. खोटे बोलायचा मला कंटाळा आला होता. रहिमाबींचे नाव सांगितले. रुक्मिणीबाईंचा हात थांबला. मग तो तुकडा त्यांनी तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पोरगी ऱ्हाऊ दे हितंच. पर आमच्या आळीत ह्ये बोलू नगा." रिकामे फडके घेऊन त्या गाडीला गेल्या.

कुंदाला मी तू लग्नाला गेलीस असे सांगत होते. आता सांगितले, आई आजारी आहे, बरी व्हायला गेली आहे, ताटामुळे नाही. तिने विचारले, "तिथे आई कुणाच्या ताटात जेवते?" ते तुलाच पत्रात विचारते, असे मी म्हटले. तुझे ताट फळीवर आहे. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी तो ठिपका मी आणि कुंदा मिळून खरवडणार आहोत.

तूही दर पत्रात "मी अगदी बरी आहे" एवढेच लिहितेस, आणि अक्षर मात्र दर वेळी बारीक होत जाते. मी तुझीच बहीण. असली पत्रे कशी लिहितात ते मला ठाऊक आहे.

काल दवाखान्यात कुंदाला काट्यावर बसवले. साडेबावीस पौंड. महिन्यापूर्वी एकवीस होते. कमीच आहे, पण खरे आहे.

आता तुझे कळव.

तुझी,
शालन